रंग खाली, चमक वर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शटर वर जायच्या आतच गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागलेली असते, आणि रांगेतल्या प्रत्येकाचा प्रश्न तोच असतो, फक्त रंग वेगळा. "काळी आहे, कुठलं वॅक्स मारू?" "आमची पांढरी. पिवळी पडते म्हणतात, तिला काय लागतं?" "लाल आहे हो, लालचं स्पेशल काहीतरी येतं ना?" गाडी उन्हात उभी असते की बेसमेंटमध्ये, तिला पुसतं कोण, पाणी नळाचं की बोअरचं, हे कुणी आपणहून सांगत नाही. रंग मात्र सगळे सांगतात. साडी दाखवून मॅचिंग ब्लाउजपीस मागावा, तसं.

इतकी वर्षं या प्रश्नाला मी दोन उत्तरं देत आलो. घाई असली की डबा हातात ठेवायचा. घाई नसली की समोरच्याला स्टुलावर बसवून, चहा सांगून, खरं काय ते सांगायचं. हे पुस्तक म्हणजे ते स्टुलावरचं उत्तर. प्रकरणं मी मुद्दामच रंगवार केली आहेत, कारण माणूस आपल्या गाडीच्या रंगाचं पान आधी उघडणार हे मला पक्कं ठाऊक आहे. पण दुकानाच्या फळीवर 'फॉर ब्लॅक कार्स', 'फॉर व्हाइट कार्स' अशा ज्या बाटल्या असतात, त्या अर्थाने रंगवार वॅक्स असं आजच्या गाडीला जवळजवळ लागत नाही. ते का, आणि तरीही रंग विचारात का घ्यावाच लागतो, एवढंच या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

आजच्या गाडीच्या पत्र्यावर काय काय असतं ते आधी पाहू. सर्वांत खाली गंज रोखणारा थर. कारखान्यात गाडीचा उघडा सांगाडा अख्खा हौदात बुडवतात आणि विजेच्या जोरावर हा थर कानाकोपऱ्यांत चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. आमच्या गॅरेजच्या भाषेत लॅकर. सगळं मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, त्यातलं लॅकर 35 ते 50. डोक्यावरचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे आपण ज्यावर घासतो, पुसतो, पॉलिश मारतो तो थर केसाहूनही पातळ, आणि त्याला स्वतःचा रंग नाही. रंग त्याच्या खाली सुरक्षित बसलेला. वॅक्सची आणि रंगाची गाठच पडत नाही. देवघरातल्या तसबिरीत गणपती आहे की दत्त, यावरून काच पुसायचं फडकं काही कुणी बदलत नाही.

मग हा प्रश्न आला कुठून? तो जुन्या गाड्यांकडून वारशाने आला आहे, आणि त्या काळी तो बरोबरच होता.

मोटारगाडी नवी होती तेव्हा रंग ही तिच्या कारखान्यातली सर्वांत मोठी खोळंब्याची जागा होती. घोडागाडीसारखे तेलाचे थर द्यायचे आणि आठवडेच्या आठवडे वाळत ठेवायचे. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळी मिळायची. मग ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग काढला, 1924 च्या ओकलंड गाडीवर तो निळ्या छटेत अवतरला, आणि गाडीला रंग निवडायची चैन सुरू झाली. त्या रंगाचं व्यापारी नाव ड्युको. आपल्याकडे आजही सुतार कपाटाला 'ड्युको मारू का' असं विचारतो, तो शब्द या गाड्यांवरून आलेला आहे.

ड्युको काय किंवा नंतरचे एनॅमल काय, त्यांच्यावर लॅकर नव्हतं. रंग तोच आणि वरचा पृष्ठभागही तोच. ऊन लागलं की वरचा पापुद्रा मरायचा, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी हाताला लागायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे सांगायला नको. त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. अशा टॅक्सीच्या काळ्या बोनेटवर सकाळी फडकं मारलं की दुपारपर्यंत ते पुन्हा राखेच्या रंगाचं व्हायचं. रॉकेलच्या फडक्याने पुसणारेही होते. तासभर झकास दिसायचं, आणि मग त्या तेलकट अंगावर शहरभरची धूळ येऊन बसायची.

माझे उस्ताद त्याच काळातले. पॉलिश मारताना ते गाडीकडे कमी आणि फडक्याकडे जास्त बघायचे. लाल गाडीवर फडकं लाल व्हायचं, हिरवीवर हिरवं. फडक्यावर किती रंग उतरला यावरून कधी थांबायचं ते ठरवायचे. अशा गाडीला रंगीत वॅक्सचा खरोखर उपयोग होता. काळ्या वॅक्समधला काळा रंग बारीक ओरखड्यांत जाऊन बसायचा आणि ओरखडा बुजल्यासारखा दिसायचा. रंगवार वॅक्स त्या फडक्यातून जन्माला आलं. फडकं पांढरंच राहायला लागलं तरी सवय मात्र गेली नाही.

आता दुसरा गोंधळ. आपण 'वॅक्स-पॉलिश' हा शब्द 'चहा-पाणी' म्हटल्यासारखा एका दमात उच्चारतो. गिऱ्हाईकही तसंच म्हणतं, आणि बिलावर आम्हीही तसंच लिहितो, हा आमचा दोष. ही दोन कामं एकमेकांच्या उलटी आहेत. पॉलिश काढून घेतं, वॅक्स वर घालतं. पॉलिशमध्ये बारीक कण असतात. ते ओरखड्याच्या दोन्ही काठांचं लॅकर घासून खाली आणतात. काठ तळाला येऊन मिळाले की ओरखडा गेला. म्हणजे ओरखडा भरून निघत नाही, त्याच्या आजूबाजूची जमीन खणली जाते. टूथपेस्टने ओरखडा जातो तो याच न्यायाने, तिच्यातही घासणारी भुकटी असते. फक्त ती दातांच्या मापाने केलेली असते, लॅकरच्या नाही.

दर पॉलिशला मायक्रॉन, दोन मायक्रॉन जातात. रबिंग कंपाउंड असेल आणि मशीनवरचा हात जड असेल तर त्याहून जास्त. ऊन अडवणारी रसायनंही त्याच थरात असतात. दर दिवाळीला 'रबिंग-पॉलिश करून टाका' म्हणणाऱ्या माणसाला मी जाडी मोजायचं यंत्र बोनेटवर टेकवून दाखवतो. एकदा दहा वर्षांच्या एका गाडीच्या दारावर 118 आकडा आला आणि बोनेटच्या कडेला 74. तिथे मी मशीन लावलंच नाही. मालक रागावून निघून गेले. पुढच्या वर्षी परत आले तेव्हा त्याच कडेला लॅकर संपून खालचा रंग उघडा पडला होता. कुठे करून घेतलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वॅक्सची गोष्ट मात्र सुंदर आहे. गाडीच्या वॅक्समधलं नावाजलेलं नाव कार्नोबा. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या मुलखात वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवर उन्हाळ्यात मेणाचा थर येतो. आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने स्वतःसाठी केलेली सोय. पानं कापून वाळवतात, झोडपतात आणि पडलेली भुकटी वितळवतात. अमेरिकेतल्या मेणवाल्या जॉन्सन कंपनीचे मालक 1935 मध्ये पाण्यावर उतरणारं विमान घेऊन थेट त्या मुलखात गेले होते, हे झाड पुरेसं आहे ना ते पाहायला. नैसर्गिक मेणांमध्ये हे सर्वांत कठीणांपैकी. 82 ते 86 अंशांशिवाय वितळत नाही. चॉकलेटच्या गोळ्यांवर आणि औषधाच्या गोळ्यांवर जी झिलई असते, तिच्यातही पुष्कळदा हेच असतं.

इतकं कठीण मेण नुसतं गाडीवर लावता येत नाही, विटेचा तुकडा घासल्यासारखं होईल. म्हणून त्यात तेलं, द्रावकं, मधमाशीचं मेण घालून मऊ करतात. डब्यावर '100 टक्के कार्नोबा' लिहिलेलं असतं ते आतल्या मेणापुरतं, डब्यापुरतं नाही. आणि मऊ केलेलं मेण लवकर विरघळतं, हे ओघानेच आलं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे उघड्यावर उभ्या असलेल्या काळ्या गाडीचं बोनेट 70 अंशांच्या घरात जातं. त्याच दुपारी शेजारची पांढरी गाडी बरीच निवांत असते. वॅक्स निवडताना रंगाचा असा पहिला खरा संबंध येतो, तो दिसण्याचा नाही, तापण्याचा आहे. काळ्या गाडीला कार्नोबा सर्वांत शोभतं आणि काळ्या गाडीवरच ते सर्वांत कमी टिकतं.

दुसरा संबंध डोळ्याचा. इथे जरा थांबू, कारण काळ्या गाडीचे मालक माझ्याकडे जितके हताश होऊन येतात तितकं दुसरं कुणी येत नाही.

रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली काळी गाडी उभी करा. बोनेटवर दिव्याचं प्रतिबिंब आणि त्याभोवती कोळ्याने विणावं तसं गोल-गोल जाळं. लोकांना वाटतं, पुसणाऱ्याने गोल हात फिरवला म्हणून गोल ओरखडे पडले. तसं नाही. ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यांतले जे दिव्याच्या उजेडाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि दिव्याभोवती ते गोलाकार मांडल्यासारखे दिसतात. चार पावलं बाजूला सरका, जाळंही तुमच्याबरोबर सरकतं. हेच ओरखडे पांढऱ्या गाडीवरही तितकेच असतात. पण खालून पांढरा रंगच इतका उजेड परत पाठवतो की ओरखड्याची चमक त्यात बुडून जाते. काळा रंग काहीच परत पाठवत नाही. अमावास्येच्या रात्री काजवा दिसावा तसा प्रत्येक ओरखडा दिसतो.

हे जाळं विणतं कोण? सोसायटीत पहाटे पाचला एक बादली आणि एक फडकं घेऊन पंधरा गाड्या पुसणारा मुलगा. त्याला बोल लावू नका, महिन्याला आपण त्याला जे देतो त्यात दुसरी बादली बसत नाही. पहिल्या गाडीची वाळू सातव्या गाडीवर आणि सातवीची बाराव्या गाडीवर जाते, एवढंच. नवी गाडी ताब्यात घेतानाही हे झालेलं असू शकतं. एक गृहस्थ शोरूममधून थेट माझ्याकडे आले होते. पेढ्यांचा पुडा डॅशबोर्डवर, हार अजून ताजा, आणि उन्हात बोनेटवर मशीनच्या चाकाचे धुरकट पट्टे. गाडी देण्याआधी कुणीतरी 'चमकवून' दिली होती.

तेव्हा काळी, गडद निळी किंवा गडद मरून गाडी असेल तर खर्च वॅक्सवर करू नका, पॉलिशवर करा. मऊ फोमचं पॅड, सर्वांत बारीक कणांचं पॉलिश, सावलीत, गार पत्र्यावर. त्याने जाळं जात असेल तर त्याच्या पुढे जाऊ नका. मग कार्नोबा लावा. त्यातल्या तेलकटपणाने गडद रंग ओला झाल्यासारखा खोल दिसतो, आणि तो फरक अगदी खरा आहे, कुणाच्याही डोळ्याला दिसतो. एक काळजी घ्या. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर वॅक्स गेलं की वाळून पांढरं होतं आणि दातांच्या ब्रशने खरवडत बसावं लागतं.

पांढऱ्या गाडीचं दुखणं वेगळंच. तिच्यावर ओरखडे दिसत नाहीत म्हणून मालक निर्धास्त असतो आणि मग एके दिवशी 'गाडीला गंज आलाय' म्हणत घाबरून येतो. दारांच्या खालच्या भागावर, डिकीवर नारिंगी ठिपके. हा पत्र्याचा गंज नव्हे. ब्रेक लागताना लोखंडाचे कण उडतात, तापलेले असतात, ते लॅकरमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. रेल्वे रुळांशेजारच्या इमारतीत गाडी उभी असेल तर जास्तच. यावर वॅक्स चोपडणं म्हणजे केर न काढता सारवण. लोखंड विरघळवणारं द्रव मिळतं. ते फवारलं की ठिपक्या-ठिपक्यांतून जांभळे ओघळ येतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. त्यानंतर क्लेची वडी, भरपूर साबणपाणी लावून, जोर न देता. हात फिरवल्यावर पत्रा काचेसारखा लागला की मग पुढचं.

पांढऱ्या गाडीचं आणखी एक खास आपलं दुखणं म्हणजे पूजा. बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात आणि हार तारेने बांधतात. हार वाऱ्यावर हलतो, तार पत्रा घासत राहते. हळदीची मला फारशी काळजी नसते. हळदीचा पिवळा रंग उन्हात विटतो, दोन-चार दिवसांत आपोआप फिका पडतो. कुंकू मात्र आजकाल पुष्कळदा बनावट रंगाचं असतं. रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी पुसून घेतल्यावरही गुलाबी सावली उरते. माझी आई नव्या गाडीला गंध-कुंकू लावायची ते नंबरप्लेटला. का, ते तिने कधी सांगितलं नाही, पण मी गिऱ्हाइकांना तेच सुचवतो. पूजेच्या आदल्या दिवशी वॅक्सचा हात दिलेला असेल तर कुंकू त्या मेणावरच बसतं आणि धुताना त्याच्याबरोबर निघून जातं. माझ्या मते पांढऱ्या गाडीवर वॅक्सचा सर्वांत मोठा उपयोग हाच. खोली, ओलेपणा वगैरे तिच्यावर दिसत नाही, म्हणून महागडं कार्नोबा तिथे वाया जातं. कृत्रिम सीलंट लावा. तो जास्त महिने टिकतो आणि काम तेच करतो.

लाल रंगाबद्दल लोकांचा संशय खोटा नाही. जुन्या लाल गाड्या आठवा. दारं लाल, बोनेट आणि टप मात्र धुतलेल्या गुलालासारखे गुलाबी. लाल दिसणारा पदार्थ निळा-हिरवा उजेड गिळत असतो, आणि त्या उजेडात ताकद जास्त. त्या मारानेच लाल रंग थकायचे. आता रंगही सुधारलेत आणि वर लॅकरही आहे. ते शाबूत आहे तोवर लाल गाडीला वेगळं काही लागत नाही. लॅकरच सोलायला लागलं, उन्हात भाजलेल्या पाठीची सालं निघावीत तसं, तर जगातलं कुठलंही वॅक्स उपयोगाचं नाही. तिथे रंगाऱ्याकडेच जायचं.

चंदेरी, राखाडी या सर्वांत समजूतदार गाड्या. रंगात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, त्या उजेड असा काही उधळतात की धूळ, ओरखडे, आळस सगळं खपून जातं. माझी स्वतःची गाडी चंदेरी आहे, यावरून काय ते समजा.

मॅट रंगाचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लहान आहे, कारण त्यात मुख्यतः काय करू नये तेच आहे. त्या रंगाचा खरखरीतपणा हेच त्याचं रूप. पॉलिश घासलं की तेवढा भाग चकचकीत होतो आणि पुन्हा कधीही मॅट होत नाही. एका ठिपक्यासाठी अख्खं दार रंगवावं लागतं.

टेफ्लॉन, सिरॅमिक वगैरेंना स्वतंत्र भाग दिला आहे. माझं मत इथेच सांगून ठेवतो. तव्यावरचं टेफ्लॉन भट्टीत भाजून बसवलेलं असतं, ते वितळायला 327 अंश लागतात. गाडीवर फडक्याने चोपडून ते तसं बसेल कसं? सिरॅमिक खरोखर चिकटतं, वर्ष-दोन वर्षं टिकतं. पण खालचं जाळं तसंच ठेवून वर सिरॅमिक मारलं तर जाळंही तेवढीच वर्षं टिकतं.

रंगकाम झालेल्या गाड्यांचा उल्लेख जागोजागी येईल. कारखान्यात लॅकर 140 अंशांच्या आसपास भाजतात. गॅरेजमध्ये पूर्ण गाडीला, तिच्या टायर-वायर-प्लास्टिकसकट, तेवढी आच देता येत नाही. तिथे 60 ते 80 वर काम भागवतात. म्हणून आमच्या हातचं लॅकर बरेच दिवस नरम राहतं. महिना-दोन महिने त्यावर वॅक्स लावू नका, त्याला आतलं द्रावक बाहेर टाकू द्या. हे मी माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतोय, कारण रंगकामानंतर लगेच 'वॅक्स फ्री' देणं हा आमच्याकडचा रिवाज आहे.

आता तुमच्या रंगाचं पान उघडण्याआधी एक करा. पांढरं सुती फडकं घ्या. दाराच्या खालच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी, बारीक पॉलिशचा थेंब टाकून बोटाने दहा-बारा वेळा चोळा आणि फडकं उजेडात धरा. गाडीचा रंग फडक्यावर उतरला असेल तर तुमच्या गाडीला लॅकर नाही. जुनी असेल, किंवा साधा एकथरी रंग दिलेला असेल. तिचं सगळं पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आहे, उस्तादांच्या पद्धतीसकट. फडकं नुसतं मळलं, रंग आला नाही, तर पहिल्या भागापासून वाचा. फडक्याची ती बाजू मात्र पुन्हा गाडीला लावू नका.